मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या दोन सुट्ट्या

सोमवार

रविवार सोडून जिल्हा परिषदेच्या शाळांना वर्षाला ७६ सुट्ट्या. उन्हाळा, दिवाळी, सणवार, जयंत्या सगळं त्यातच. यादी जिल्ह्यावरून येते, आणि तिच्या तळाशी बहुतेक ठिकाणी एक ओळ असते: 'मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्ट्या – २'. ज्याच्या सहीशिवाय शाळेत खडूचा डबा येत नाही, त्याला स्वतःच्या मनानं ठरवता येतील असे वर्षातले दिवस एवढेच.

पुढच्या महिन्यात नव्यानं बढती मिळालेल्या मुख्याध्यापकांपुढं मला शालेय नेतृत्वावर बोलायचंय. हाती आलेल्या टिपणांत फिनलंड आहे, सिंगापूर आहे, अमेरिका तर आहेच. मेळघाटातलं धारणी नाही, गडचिरोलीतलं धानोरा नाही. म्हटलं, बोलण्याआधी फिरून येऊ. प्रश्नावली वगैरे काही केली नाही. वहीत एकच प्रश्न लिहिला: तुमच्या अधिकारातल्या दोन सुट्ट्या कुठं खर्च करता, आणि ते ठरवतं कोण?

सोबत दादा. माझा मोठा भाऊ, जिल्हा परिषदेचाच निवृत्त मुख्याध्यापक. गाडी त्याची, चालवणार तो, मतंही त्याचीच. परतवाड्याला आलूपोंगे खाताना पहिलं मत आलं.

"हेडमास्तर म्हंजे वचक. तो गाडीवरून उतरला का व्हरांडा चूप झाला पायजे. बाकी तुमचं नेतृत्व-फेतृत्व कागदावरचं."

घटांगच्या पुढं पाऊस लागला. ऑगस्टचा पहिला आठवडा, सागाची पानं मोठाली झालेली, रस्त्यावर मधूनच गुरं बसलेली. गाडी रांगत होती, तेवढ्यात मी त्याला हॉफस्टेड सांगून घेतला. गीर्ट हॉफस्टेड हे डच अभ्यासक. आयबीएम कंपनीनं १९६७ ते १९७३ या काळात देशोदेशीच्या आपल्या कर्मचाऱ्यांकडून ज्या प्रश्नावल्या भरून घेतल्या, त्यावरून त्यांनी प्रत्येक देशाला आकडे दिले. त्यातला एक आकडा सत्तेतल्या अंतराचा. म्हणजे वरच्याचं वरचढपण खालची माणसं किती मुकाट्यानं मान्य करतात त्याचा. ऑस्ट्रिया ११, डेन्मार्क १८, भारत ७७. मुख्याध्यापकांवरच्या परदेशी लिखाणात हे आकडे अजूनही फिरतात.

"आयबीएमच्या नोकरायवरून मास्तर मोजले?"

"हो."

"आन् आपले सत्त्याहत्तर?"

"हो."

"कमीच धरले," दादा म्हणाला आणि वायपर वाढवला.

सेमाडोहला सिपनेला भरपूर पाणी होतं. हरिसालला चहा. हे गाव २०१६ साली देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं होतं. चहाच्या टपरीपाशी उभं राहून माझ्या फोनला मात्र रेंज येईना. धारणीला मुक्काम.

मंगळवार

आश्रमशाळेचं मुख्याध्यापकपण चोवीस तासांचं. आदिवासी विकास विभागाची शाळा, पोरं तिथंच शिकतात, जेवतात, झोपतात. वसतिगृहाला अधीक्षक-अधीक्षिका असतात खरे, पण रात्री दोन वाजता ताप, विंचू, भिंतीवरून पळालेलं पोर, काहीही झालं तरी फोन मुख्याध्यापकालाच.

इथले सर मूळचे दर्यापूरकडचे. खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातला माणूस इथं येऊन इथल्या आदिवासींची कोरकू भाषा शिकला. आम्ही पोचलो तेव्हा ते निघायच्याच तयारीत होते. चौथीतला एक मुलगा आदल्या दिवशी गावच्या कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून घरी निघून गेला होता. पोचल्याचा निरोप रात्रीच आला होता, त्यामुळं जिवाला घोर नव्हता. पण अशा वेळी सर दुसऱ्या कुणाला पाठवत नाहीत. "चला संगं," म्हणाले.

कोरकूंची गावं बघण्यासारखी असतात. रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंनी समोरासमोर घरांच्या सरळ ओळी. सर मुलाच्या घरावरून सरळ पुढं गेले, तिकडं मान वळवूनही पाहिलं नाही. पटेलाच्या ओट्यावर जाऊन बसले. कोरकू गावात पटेल असतो, देवाधर्माचं बघणारा भूमका असतो, आणि गावाचं बोलणं या माणसांच्या ओट्यावर होतं. बोलणं सुरू झालं ते पावसावर. मग सोयाबीनवर. मग कुणाच्या तरी सुनेला दवाखान्यात कधी न्यायचं त्यावर. निम्मं कोरकूत, निम्मं हिंदी-मराठीत. दादा घड्याळ पाहून राहिला होता. चहा झाला. तेवढ्यात एक माणूस येऊन ओट्याच्या कडेला पाय खाली सोडून बसला. सरांनी त्याच्याकडं पाहिलं, पण विषय काढला नाही. पटेलानंच काढला.

पोराची तक्रार काय, तर त्याच्या झोपायच्या जागेवर पाणी गळतं. तीन रात्री त्यानं सतरंजी गुंडाळून बसून काढल्या. अधीक्षकांना सांगितलं तर ते म्हणाले, सरकून झोप. सरकला तर मोठी पोरं ढकलतात. बापानं हे सगळं जमिनीकडं बघत सांगितलं. सर "हूं, हूं" करत राहिले. जागा बदलून देतो म्हणाले, पत्र्याचं काम कालच लिहून पाठवलंय हेही म्हणाले. पोराला आजच न्यायचं का, तर नाही. बाजाराच्या दिवशी बाप स्वतः आणून सोडेल. ठीक. उठलो.

गाडीत बसल्या बसल्या दादा म्हणाला, "मी शिपाई धाडला असता. अर्ध्या घंट्यात पोट्टं वर्गात."

"आलं असतं सर," ते म्हणाले. "आठ दिवसांनी परत गेलं असतं. अन् जाताना चार घेऊन गेलं असतं."

सुट्ट्यांचं विचारलं तर हसले. "मी सुट्टी देऊन काय करू मॅडम? पोरं तर इथंच राहतात. आमच्याकडं सुट्टी पोरं घेतात, होळीला." कोरकूंची होळी एका दिवसात आटपत नाही. फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागत, नाचत गावंच्या गावं दिवसचे दिवस त्यात असतात, आणि होळीला घरी गेलेली पोरं सण आटपेपर्यंत परत येत नाहीत. "मी गैरहजरी मांडतो. खोटी हजेरी लावत नाही. पण बोलावणंही धाडत नाही. तिसऱ्या दिवसापासून एकेक गाव फिरतो, फगवा देतो, बसतो. मग येतात." वरून विचारणा होते तेव्हा काय सांगता? "होळी म्हणून सांगतो. दरवर्षी तेच लिहितो. दरवर्षी तेच विचारतात."

अ‍ॅलन वॉकर आणि क्लाइव्ह डिमॉक या दोघांनी हाँगकाँगच्या मुख्याध्यापकांवर बरंच लिहिलंय. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत तयार झालेले नेतृत्वाचे सिद्धांत उचलून आशियातल्या शाळांवर बसवता येत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. तिथले मुख्याध्यापक उघड वाद टाळतात, सलोखा राखणं हे कामाचाच भाग समजतात. परदेशातून आलेला निरीक्षक याला धाक कमी असं समजेल. आज ओट्यावर मला ते सगळं आठवत होतं.

पण संध्याकाळी स्वयंपाकघराच्या मागं अधीक्षिकाबाई भेटल्या, आणि चित्र जरा बदललं. "सर गावात लय चांगले आहेत मॅडम, खोटं नाही बोलत. पण मुलींच्या बाथरूमच्या कडीचा कागद त्यांच्या टेबलावर तीन आठवडे पडून आहे. मला ओटा नाही न!" त्या हसून बोलल्या. मी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. गावाचं अर्धा तास ऐकणारा माणूस हाताखालच्या बाईचं पाच मिनिटं ऐकत नसेल, तर त्याला संस्कृतीचं नाव देऊन सोडून देता येणार नाही.

बुधवार

घाट उतरलो आणि चांदूर बाजार तालुक्यातल्या एका गावात थांबलो. संत्र्याच्या बागा, मधे मधे कपाशी. पहिली ते पाचवीची शाळा, पट चाळिसाच्या आत, दोन शिक्षक. दुसरे सर मतदार यादीच्या कामावर गेलेले. म्हणजे आज पाच वर्ग आणि एक मॅडम.

"मुख्याध्यापिका नका लिहू," मॅडमनी आधीच सांगितलं. "पद नाही इथं. चार्ज आहे."

शिक्षण हक्क कायद्याच्या जोडपत्राप्रमाणे पहिली ते पाचवीला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर गेला तरच. गावोगावच्या लहान शाळांत म्हणून जो ज्येष्ठ शिक्षक असेल त्याच्याकडं चार्ज. कपाटाच्या किल्ल्या, शिक्का, आणि रजिस्टरं: दाखल-खारीज, कॅशबुक, हालचाल रजिस्टर, शेरेबुक. पगारात फरक नाही. नेतृत्वावरची जगातली बहुतेक पुस्तकं असं धरून चालतात, की मुख्याध्यापक नावाचा एक वेगळा माणूस असतो आणि त्याला शिकवायचं नसतं. फिनलंडमध्ये लहान शाळांचे मुख्याध्यापक काही तास शिकवतात, हे माझ्या टिपणांत मोठ्या कौतुकानं छापलंय. इथं ते ऐकून मॅडमनी फक्त फळ्याकडं पाहिलं. फळ्याचे खडूनं पाच भाग केलेले होते.

साडेबाराच्या सुमाराला खिचडी शिजली. स्वयंपाकीण ताईनं वाटीत काढून आणली. मॅडमनी फुंकर मारली, दोन घास खाल्ले, डाळ बोटानं दाबून पाहिली, "आज जरा मीठ कमी वाटते ताई," म्हणाल्या आणि चव रजिस्टरात वेळ टाकून सही केली. पोरांना वाढण्याआधी अर्धा तास कुणीतरी मोठ्या माणसानं खाऊन पाहायचं, असा नियमच आहे. जपानमध्येही आहे. तिथं शाळेचं जेवण पोरांच्या पानात पडायच्या आधी मुख्याध्यापक स्वतः खाऊन बघतात आणि नोंद करतात. तिथला मुख्याध्यापक बहुतेक पन्नाशीच्या पुढचा, दर काही वर्षांनी बदलून जाणारा. रोजची धावपळ उपमुख्याध्यापक सांभाळतो. म्हणजे घास तोच, नियम तोच. इथं चव घेणारी, सही करणारी, फोटो काढून टाकणारी आणि चौथीचा भागाकार तपासणारी बाई एकच, एवढा फरक.

फोटो टाकता टाकताच केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर सूचना आली: अमुक लिंक आज पाचच्या आत भरावी. मॅडमनी 'ओके सर' लिहून हात जोडलेलं चित्र टाकलं आणि फोन पालथा ठेवला.

"भरणार?"

"बघू. उद्या परत आठवण येईल, तेव्हा."

फिलिप हॅलिंजर या अभ्यासकानं थायलंडच्या शाळांबद्दल अगदी हेच लिहिलंय. वरून सुधारणेचा हुकूम येतो, खाली सगळे मान डोलावतात, वरच्याला तोंडावर 'नाही' म्हणणं वाईट दिसतं म्हणून कुणी म्हणत नाही, आणि शाळेत काहीच हलत नाही. अंतराचा आकडा जास्त असला की हुकूम चालतो असं आपण धरतो. प्रत्यक्षात हुकुमाला 'हो' मिळतं, एवढंच. दादाला हे पटलं नाही. त्याच्या वेळी 'हो' म्हटलं की व्हायचं म्हणे. मी त्याला त्याच्याच शाळेतल्या एका बंद पडलेल्या सोलर पॅनेलची आठवण दिली, मग तो बाहेर जाऊन संत्र्याची झाडं पाहू लागला.

मॅडमच्या दोन सुट्ट्या? एक बहिरमच्या यात्रेला. डिसेंबरात यात्रा भरली की पंचक्रोशी तिकडं लोटते, हंडीतलं मटण आणि रोडगे खायला. त्या दिवशी शाळा उघडून उपयोग नसतो. ती सरपंच सांगतात, मॅडम ठराव लिहितात. दुसरी त्या शिल्लक ठेवतात. गावात मयत झाली तर. "मागल्या साली दोन झाल्या. दुसरीला सुट्टी नव्हती उरली. तरी बंद ठेवली अन् एका रविवारी भरून काढली."

मग सहज म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचं निघालं. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बाया. इथं सभा संध्याकाळी सहाला व्हायची. म्हणजे पुरुष यायचे आणि बायांच्या सह्या दुसऱ्या दिवशी घरोघरी फिरून घ्याव्या लागायच्या. या पावसाळ्यात मॅडमनी सभा सकाळी साडेसातला ठेवली, बाया निंदायला निघायच्या आधी. अध्यक्षांना ते अजून आवडलेलं नाही. पहिल्याच सभेत बायांनी पाण्याच्या टाकीचं झाकण आणि रस्त्यापलीकडच्या पानठेल्याचा विषय काढला. हे कुठल्याच रजिस्टरात नाही. रजिस्टरात फक्त वेळ बदललेली आहे.

न्यूझीलंडमध्ये १९८९ पासून प्रत्येक सरकारी शाळेला पालकांनी निवडलेलं मंडळ असतं आणि मुख्याध्यापक नेमायचा अधिकारही त्या मंडळाचा. ते ऐकून मॅडम म्हणाल्या, "आमच्या समितीनं मला नेमलं असतं का, माहीत नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "बायांनी नेमलं असतं."

रात्री अमरावतीला घरी. कपडे वाळलेले नव्हते.

गुरुवार

मोझरी, तिवसा, आर्वी करत वर्धा. सेवाग्रामला पोचेतो अकरा वाजले.

गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. पुढच्याच वर्षी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला, वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि नयी तालीम उभी राहिली: हातानं काम करत शिकायचं, सूतकताई, शेती, सफाई. इथलं काम चालवलं ते आर्यनायकम दाम्पत्यानं. आर्यनायकम सिलोनचे तमिळ, त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली, दोघंही शांतिनिकेतनातून आलेले. वऱ्हाडाच्या आणि वर्ध्याच्या पोरांची शाळा तमिळ आणि बंगाली माणसं हिंदुस्थानीतून चालवत होती. संस्कृती-संस्कृतीतल्या नेतृत्वावर बोलणाऱ्यांनी परदेशात जाण्याआधी इथं एक चक्कर मारायला हरकत नाही.

त्याच सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडात शिक्षणमंत्री रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना आली. गावानं शाळेला जमीन द्यायची, त्या जमिनीच्या उत्पन्नावर गुरुजींचा पगार. कल्पना ऐकायला गोड. पण पाऊस हुकला की गुरुजी उपाशी, आणि जमीन देणारा मालगुजार शाळेचा मालक. मला ही योजना वाचताना नेहमी त्या गुरुजीची काळजी वाटते. गावाच्या हाती शाळा देणं आणि गावातल्या एकाच्या हाती देणं यातला फरक कागदावर दिसत नाही.

इथल्या पोरांची आमसभा असायची, कामं वाटून घेतलेले मंत्री असायचे. आजच्या प्रत्येक शाळेतलं शालेय मंत्रिमंडळ त्याच वळणाचं, फक्त बहुतेक ठिकाणी ते भिंतीवरच्या तक्त्यात असतं. पोरं मंत्री निवडतात, तर शिक्षक-पालकांनी मुख्याध्यापक का निवडू नये? स्पेननं १९८५ च्या कायद्यानं तेच केलं होतं. शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असलेली शाळेची परिषद शिक्षकांतूनच संचालक निवडायची. २००२ मध्ये कायदा बदलून निवडणुकीऐवजी निवड समिती आणली. मी हे बापूकुटीच्या अंगणात बसून दादाला सांगत होते.

"मास्तरायनं मत दिलं असतं तर मी कधी हेडमास्तर झालोच नसतो," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "आमचा तो गणिताचा सर झाला असता. त्याचं सगळे ऐकत. मीबी ऐकत होतो. फक्त कोणाले दिसू देत नव्हतो."

हे तो मला इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता. वर्ध्याला गोरसपाक घेतले, दोन डबे, त्यातला एक रात्रीच संपला.

शुक्रवार

दिवसभर गाडीत. हिंगणघाट, चिमूर, ब्रह्मपुरीला जेवण. कपाशी संपून धान कुठं सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही, पण ब्रह्मपुरीच्या पुढं वैनगंगा ओलांडली तेव्हा दोन्हीकडं बांध्यांत वाकलेल्या बायाच बाया होत्या. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, जोरात. बोलण्यातही 'जी' आलं. "जेवन झालं का जी?" गडचिरोलीत लॉजवर मच्छरदाणी मागितली, मिळाली.

शनिवार

धानोरा रस्त्यावर लेखा-मेंढा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथली. १८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये गावानं आपला बांबू आपण विकायला घेतला. देवाजी तोफा हे इथलं नाव सर्वांना माहीत असलेलं, पण गावात गेल्यावर कुणी 'आमचे नेते' असं म्हणत नाही. निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी विषय पुढं ढकलायचा. सभेआधी अभ्यास गट बसतो, माहिती काढतो, आणि मग सभा. सत्तेतल्या अंतराचे ७७ गुण यातल्या कुठल्या माणसाला लावायचे ते हॉफस्टेडच जाणे.

याच तालुक्यात मोहगावला काही ग्रामसभांनी मिळून २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण विभागानं ती अनधिकृत म्हणून नोटीस दिली, प्रकरण कोर्टात गेलं. न्यूझीलंडच्या माओरींनीही १९८५ मध्ये अशीच आधी स्वतःच्या हिमतीवर, सरकारी परवानगीशिवाय माओरी भाषेची शाळा सुरू केली होती. १९८९ च्या कायद्यानं त्या शाळांना सरकारी मान्यता मिळाली. त्या शाळांत मुख्याध्यापक असतो, पण कारभार 'व्हानाउ'चा, म्हणजे पोरांच्या सगळ्या गणगोताचा. आपल्याकडं मान्यतेच्या अर्जात पहिल्या पानावर मुख्याध्यापकाचं नाव लागतं.

आम्हाला जायचं होतं ते जवळच्याच एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती आणि सभा लागली होती, सर आम्हाला सरळ तिकडंच घेऊन गेले. झाडाखाली, चटया टाकून. सर भंडाऱ्याकडचे, बरीच वर्षं इथंच. त्यांना खुर्ची नव्हती, कुणालाच नव्हती. आमच्यासाठी शाळेतून दोन आणायला एक पोरगा निघाला, त्याला दादानंच हात करून थांबवलं आणि गुडघे धरत खाली बसला.

विषय नेमका माझाच निघाला: रोवणी. चौथी-पाचवीची पोरं आठवडाभर शाळेत नाहीत. धाकट्या भावंडांना सांभाळतात, पेंढ्या पोचवतात. सर म्हणाले, माझ्या हातात दोन दिवस आहेत, ते आता देतो. एक म्हातारा म्हणाला, दोन दिवसांत काय होते जी? आठ लागतात. कुणी म्हणालं, दोन घ्या आणि बाकी सहा तशीच गैरहजरी चालू द्या. सर म्हणाले, ते मला चालणार नाही, दोन म्हणजे दोन, आणि नंतर पोरं आली पाहिजेत. गोंडीत बरंच बोलणं झालं. एका पोरानं माझ्यासाठी थोडं थोडं मराठीत सांगितलं.

सहमती होत आली होती. तेवढ्यात मागं बसलेली एक बाई, मांडीवर लेकरू, उभी न राहताच बोलली. मोठी पोरं बांधीत कामाला येतात हे खरं, पण पहिली-दुसरीची लहान पोरं? ती शाळेत असतात म्हणून तर आम्ही बेफिकीर रोवतो. शाळा बंद झाली की त्यांना बांधीच्या कडेला बसवायचं? आणि त्यांची दुपारची खिचडी?

सगळे गप्प झाले. सर म्हणाले, "हे माझ्या ध्यानात नव्हतं जी."

मग लहानांची शाळा चालू आणि मोठ्यांना सुट्टी असं करता येईल का, यावर चर्चा. सरांनी सांगितलं, यादीत तशी अर्धी सुट्टी नसते. सुट्टी म्हणजे शाळेला सुट्टी. अंगणवाडीत लहानांना दोन दिवस बसवता येईल का? अंगणवाडीच्या ताई सभेला नव्हत्या, त्यांच्याही बांधीत रोवणीच चालू होती. त्यांना विचारल्याशिवाय कसं ठरवणार? पोषण आहार तिथं शिजवून नेला तर चालेल का, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. बाईचं 'नाही' कायम राहिलं. विषय पुढं गेला. मंगळवारी संध्याकाळी परत बसायचं, तोवर दोघांनी अंगणवाडीच्या ताईंना भेटायचं आणि सरांनी आहाराचं विचारून ठेवायचं.

अडचण अशी, की सुट्टीचं पत्र तालुक्याला सोमवारीच द्यावं लागणार होतं. शाळेत परत आल्यावर दादाला राहवेना.

"लिहून टाका न सर बुध-गुरुवार. तुमच्या अधिकारातली सुट्टी आहे. सभेले काय, मंगळवारी सांगता येते. मी तीस वर्सं असंच केलं."

"देता येते जी, कागदावर," सर म्हणाले. "पण मग ती बाई पुढच्या सभेत बोलणार नाही."

"अन् मंगळवारी ठरलं, पण तालुक्यानं नाही म्हटलं तर?"

"तर या साली सुट्टी नाही. पुढल्या साली जूनमध्येच विषय घेऊ."

दादा काही बोलला नाही. शेरेबुक मागून घेतलं, पानं चाळली, परत दिलं. निघताना गाडीत बसून त्यानं काच खाली केली आणि सरांचा नंबर मागितला. मंगळवारी काय ठरतं ते त्याला कळवायला सांगितलं. आरमोरीपर्यंत दोनदा म्हणाला, अंगणवाडीचं जमलं पायजे.